चाकाखालून गेलेलं

१२ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. मी सुखरूप पोहोचले. तुमच्या खोलीची किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून मिळाली. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, "भाची का? नाक तेच आहे," एवढे म्हटले आणि दार लावून घेतले. या गावात माझ्याशी झालेले हे आजवरचे सर्वांत मोठे संभाषण आहे.

खोली तुम्ही वर्णन केली होती तशीच आहे. खिडकीतून छापखान्याचे पत्र्याचे छप्पर दिसते आणि त्यामागे समुद्राची बोटभर रुंदीची पट्टी. मला छापखान्यात मागच्या बाजूचे टेबल दिले आहे. मुद्रितशोधनाला शांतता लागते असे मालकांचे म्हणणे. मला ती आयतीच मिळाली. सध्या मधमाश्या पाळण्याविषयीच्या पुस्तकाची मुद्रिते तपासते आहे. मी आजवर एकही पोळे जवळून पाहिलेले नाही, तरीही सोळाव्या पानावरचा राणीमाशीविषयीचा घोटाळा माझ्या लक्षात आला. मालक खूश होऊन म्हणाले, "बाई, तुम्हाला माश्यांचा दांडगा अनुभव दिसतो." मी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

तुमची खडीवरची ग्रॅव्हल बाइक भिंतीवर दोन खुंट्यांना टांगलेली आहे. शर्यतीच्या सायकलीसारखी वाकडी मूठ आणि तिच्या दुप्पट जाड टायर, असे तिचे रूप मला प्रथमदर्शनी थोडे विजोड वाटले, याबद्दल क्षमा असावी. तिच्यावरची धूळ मी मऊ फडक्याने पुसली आहे. साखळीला तेल घातले आहे. फळीवरच्या तुमच्या सायकलफेऱ्यांच्या वाटवह्याही क्रमाने लावल्या. एकूण सात भरल्या. शेवटच्या तीन वर्षांची वही मात्र तेथे नाही. ती तुम्ही बरोबर नेली असावी. जेवताना मी एक एक वही वाचते. तुमचे अक्षर वाईट आहे, परंतु वाक्ये चांगली आहेत.

रविवारी सायकल खाली काढीन म्हणते.

तुमची
भाची

१९ मार्च

भाचीबाई,

पत्र मिळालं. पाकिटावर मला 'तीर्थरूप' लिहू नकोस. तीर्थ राहू दे, आता रूपही उरलेलं नाही.

इथलं काय सांगू? सातवा मजला. मुलगा आणि सून आठ वाजता बाहेर पडतात ते सात वाजता उगवतात. मधले अकरा तास मी आणि ही चार पायांची काठी. समोरच्या इमारतीला छप्पन्न खिडक्या आहेत, तूही कधी आलीस तर मोजून बघ. चाळीस वर्षं खडीवर चाक घसरलं पण मी घसरलो नाही, आणि शेवटी खुबा मोडला कुठं, तर न्हाणीघरात, साबणावर! पाहुण्यांना मी कड्यावरून पडलो म्हणून सांगतो. सून मागून दुरुस्ती करते. तुझीच बहीण शोभते ती.

आता कामाचं. आमचं खडीमंडळ पाच जणांचं होतं. एक देवाघरी, दोघं परगावी, आणि मी इथं. राहिला एकटा घड्याळजी. चौकात घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे ना, तोच. तर आमची एक रीत होती. वादळी महिने संपले की आमच्यातला एक जण आधी अख्खी वाट एकट्यानं करून यायचा. गावाच्या टोकापासून जुन्या रेल्वेच्या खडीवरून, बांधावरून, कड्याच्या काठानं थेट दीपगृहापर्यंत. बावीस किलोमीटर. कुठं खचलंय, कुठं फाटकाला कुलूप आहे, कुठं वाळू चढलीय, सगळं लिहून द्यायचा. त्याच्या शब्दावर बाकीचे डोळे मिटून निघायचे. नियम एकच: चाकाखालून गेलेलंच लिहायचं. ऐकलेलं नाही, आठवलेलं नाही.

दहा वर्षं ते काम माझ्याकडं होतं. या वर्षी तुझ्याकडं. हिवाळ्याआधी मी परततोच आहे, तोवर तू सांभाळ.

टायरात हवा टम्म भरू नकोस. अंगठ्यानं दाबलं तर पिकल्या फळासारखं दबलं पाहिजे. खडी चावत नाही मग. वाळू आली की मूठ आवळू नकोस. नवशिके तिथंच आपटतात. मूठ सैल, पाय चालू.

आणि भरपूर लिही गं. इथं वाचायला औषधांच्या चिठ्ठ्या आहेत नुसत्या.

मामा

३१ मार्च

प्रिय मामा,

आपण सोपवलेले काम पार पडले, हे कळवण्यास अतिशय आनंद वाटतो.

सकाळी साडेसहाला निघाले. डांबर संपून खडी सुरू होते, तेथे चाकांचा आवाज एकदम बदलतो. सुप्यात धान्य पाखडावे तसा. जुन्या रेल्वेच्या वाटेवर पहिले सहा किलोमीटर काहीही अडचण नाही. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपे वाढली आहेत, तेवढी अंग चोरून ओलांडावी लागतात. नवव्या किलोमीटरवर वाळूचा पट्टा आहे. मूठ सैल ठेवली, पाय चालू ठेवले. आपटले नाही.

बांधावर आल्यावर समुद्र एका बाजूला आणि गुरांची कुरणे दुसऱ्या बाजूला, अशा दोन हिरव्या रंगांच्या मधून मी जात होते. वर तारांच्या खांबांमधून वारा एकसुरी गुणगुणत होता. त्या आवाजाच्या सोबतीने किती अंतर गेले ते समजलेच नाही. कोणी भेटले नाही. मला एकटेपणाची सवय आहे. परंतु तो खोलीत असतो तेव्हा भिंतींना टेकून बसलेला असतो. इथे तो मोकळा होऊन माझ्या पुढे धावत होता असे वाटले.

खाडीच्या पाण्यासाठी बांधात बसवलेला लोखंडी दरवाजा चौदाव्या किलोमीटरवर लागतो. तो गंजला आहे, पण त्याच्यावरची फळी भक्कम आहे. तेथून पुढचा कड्याकाठचा पट्टा सर्वांत उत्तम. खडी घट्ट बसली आहे. वादळाने काही नुकसान केलेले दिसत नाही. शेवटचा चढ मात्र दम काढतो. दीपगृहाच्या पायरीवर बसून मी पाव खाल्ला आणि तुमची आठवण काढली.

सायकल पुसून पुन्हा खुंट्यांना लावली आहे.

तुमची
भाची

७ एप्रिल

अगं विदुषी,

पत्र वाचलं. एकदा, दोनदा, मग मोजणं सोडलं. सुनेला वाचून दाखवलं, मुलाला जेवताना वाचून दाखवलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला बसवून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, मला पोहता येत नाही, पण जावंसं वाटतं." वाट बांधावरून आहे, पाण्यातून नाही, हे त्याला समजावण्यात सकाळ गेली. छान गेली!

'एकटेपणा भिंतींना टेकून बसलेला असतो' हे तू कुठून आणलंस? मला इथं रोज दिसतो तो, पण शब्द सुचला नव्हता.

तुझं पत्र जसंच्या तसं उतरवून घड्याळजीला पाठवलं आहे. वर लाल शाईनं लिहिलं, 'वाट खुली'. मी इकडं आलो त्या नोव्हेंबरपासून त्या गृहस्थाचं मला एक अक्षर नाही. तसा तो घुम्याच, पण आता वाट म्हटल्यावर तरी तोंड उघडेल. तुझ्याकडं येऊन गेला तर घाबरू नकोस. भुवया भयंकर आहेत, माणूस बरा आहे.

पुढच्या खेपेला परतीचंही लिही. येतानाचा समुद्र वेगळा असतो.

मामा

२३ एप्रिल

भाची,

सोबत घड्याळजीचं पत्र आहे. ते आधी वाच, मग हे.

मला एवढंच सांग. तू गेली होतीस का?

मामा

(सोबतचे पत्र)

१९ एप्रिल

मित्रा,

हे पत्र माझी बहीण लिहीत आहे. शब्द माझे आहेत. शिव्याही होत्या, त्या तिनं गाळल्या. तू आपल्या मनानं घाल, तुला माझ्या पाठ आहेत.

रविवारी निघालो. तुझ्या भाचीचं पत्र खिशात होतं. लोखंडी दरवाजा ओलांडला, पुढं 'सर्वांत उत्तम' पट्टा म्हणून जरा जोर लावला. वळणापलीकडं वाट नाहीच. कड्याचा तुकडा समुद्रानं खाल्ला आहे, वाटेसकट. ताजा नाही, कडेला गवत उगवलंय. म्हणजे हिवाळ्यातच गेलेला. ब्रेक लावले म्हणून थेट पाण्यात गेलो नाही, मधल्या खडकावर गेलो. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दोन तास तिथं बसून होतो. एक गुराखीण खाली उतरली, तिनं वर काढलं.

मला फक्त एक समजत नाही. तुझी भाची तिथून दीपगृहापर्यंत गेली कशी? पाव खाल्ला म्हणते. तिच्या सायकलीला पंख आहेत का?

दुकान बंद आहे. पुढचं डॉक्टर सांगतील.

ता. क. हे माझं. तो सांगत नाही, पण त्याचं बोटांतलं काम गेलं तर माझ्या भावाकडं दुसरं काही नाही. ना बायको, ना मूल. फक्त ती घड्याळं. — त्याची बहीण

२७ एप्रिल

मामा,

नाही. मी गेले नव्हते.

हे एवढेच लिहून पत्र बंद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल असे आधी वाटले होते. पण तुम्हाला कारण कळण्याचा हक्क आहे, म्हणून लिहिते. यातली एकही ओळ बचाव म्हणून वाचू नका.

तुमचे कामाचे पत्र आले त्यानंतरच्या रविवारी मी सायकल खरोखरच जिन्यावरून खाली आणली. टायर अंगठ्याने दाबून पाहिले. गल्ली संपून डांबर जेथे संपते, तेथपर्यंत गेले. तेथे तीन सायकलस्वार एक पाय टेकून उभे होते. दोन पुरुष, एक मुलगी. त्या मुलीने मला हसून विचारले, "एकटीच? चल ना आमच्याबरोबर, आम्ही हळू जातो." मामा, त्यांनी मला हिणवले असते तर मी कदाचित मान खाली घालून पुढे गेले असते. त्यांनी बोलावले. त्याला काय उत्तर द्यायचे ते मला येत नव्हते. "हवा कमी आहे," असे म्हणून मी वळले आणि सायकल हाताने ढकलत घरी आले. हवा कमी नव्हती. तुम्ही सांगितली होती तेवढीच होती.

पुढच्या रविवारी मी खाली उतरलेच नाही.

मग तुमच्या वह्या काढल्या. सातही वह्या समोर उघडून बसले आणि दर किलोमीटरला काय लिहिले आहे ते जुळवत गेले. कड्याकाठचा पट्टा सातही वह्यांत 'घट्ट, उत्तम' होता. सात पुरावे एका बाजूला असताना शंका घ्यायची नसते, असे मी शिकले आहे. शाळेपासून मला एकच गोष्ट चांगली येते. प्रश्न कोठूनही आला तरी उत्तर पुस्तकातून रचायचे. मला पैकीच्या पैकी गुण मिळत. त्यात कोणाचा हात मोडत नसे.

'जमले नाही' हे दोन शब्द लिहिले असते तर पुरले असते. मी दोन पाने लिहिली, कारण तुम्ही भरपूर लिही म्हणाला होता आणि तुम्ही ती वाचताना कसे दिसाल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होते.

घड्याळजींना भेटायला जाईन. अजून गेलेले नाही.

भाची

११ मे

मामा,

तुमचे उत्तर नाही. ते यावे असा माझा हक्कही नाही. तरी लिहिते आहे, कारण घड्याळजींकडे जाऊन आले आणि ते दुसऱ्या कोणाला सांगावे असे माझ्याजवळ कोणी नाही.

चौकातून मी दुकानासमोरून चार वेळा गेले. पाचव्या वेळी आतून आवाज आला, "अहो बाई, आत या एकदाच्या, नाहीतर तुमच्या फेऱ्यांवर मी घड्याळ लावीन."

आत गेले. भिंतीवर तीसेक घड्याळे आहेत, निम्मी बंद. घड्याळजी खुर्चीत बसले होते, हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत. त्यांच्या बहीणबाई स्टुलावर चढून घड्याळांना किल्ली देत होत्या.

"कोणाचं काम आहे?" बहीणबाईंनी विचारले.

"मी... त्यांची भाची."

बहीणबाईंचा हात थांबला. घड्याळजींनी भुवया उचलल्या. तुम्ही म्हणाला होता त्या खऱ्याच भयंकर आहेत.

"म्हणजे पाववाली," ते म्हणाले. "कसा होता पाव?"

मी पाठ करून गेलेली चार वाक्ये होती. त्यांतले एकही तोंडातून निघाले नाही. शेवटी "माझी चूक झाली, क्षमा करा," एवढेच म्हणाले.

ते टेबलावरच्या ट्रेकडे बोट करून म्हणाले, "ती चूक तिथं ठेवा. दुरुस्तीला आलेल्या वस्तू तिथंच असतात. हात चालायला लागला की बघू."

"दादा," बहीणबाई म्हणाल्या, "पोर कापते आहे."

"मीही कापत होतो. खडकावर. दोन तास." मग मला म्हणाले, "बाई, मी चिडलो आहे ते पडलो म्हणून नव्हे. पडणं माझ्या नशिबात केव्हाही होतं. पण पत्र वाचून मी नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा सायकल काढली हो. एकट्यानं जायची इच्छाच गेली होती. तुमचं वाचलं आणि वाटलं, आहे अजून कोणी तरी त्या वाटेवर."

बहीणबाईंनी मला दारापर्यंत सोडले. पायरीवर हळूच म्हणाल्या, "प्लास्टर महिन्यानं निघेल. अंगठा हलतो की नाही ते तेव्हा कळेल. तू पुन्हा येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण लगेच येऊ नकोस."

छापखान्यात मधमाश्यांचे पुस्तक पूर्ण झाले. मालकांना मी सांगितले की मला माश्यांचा काहीच अनुभव नाही. ते म्हणाले, "मग?" त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही.

भाची

२० मे

भाची,

उत्तर द्यायला उशीर झाला तो रागानं नाही. लाजेनं झाला. तुझी दोन्ही पत्रं उशाशी ठेवून बारा वेळा कागद घेतला आणि बारा वेळा फाडला.

ऐक. तुझ्या पत्रात बांधावर तारांच्या खांबांमधून वारा गुणगुणत होता. ते खांब दोन वर्षांपूर्वी काढले. मी स्वतः पाहिलं, स्वतः वहीत लिहिलं, आणि ती वही फळीवर नव्हती कारण ती माझ्याजवळ आहे. तू काढलेल्या सात वह्यांत खांब आहेत. आठवीत नाहीत.

म्हणजे पत्राच्या पहिल्याच पानावर मला कळलं की पोरगी गेलेली नाही. आधी हसू आलं. वाटलं, बिचारीनं घोकंपट्टी केलीय. मग पुढं वाचत गेलो, आणि अगं, मी तिथं पोहोचलो. अडीच वर्षांपूर्वीच्या बांधावर, दोन्ही पाय शाबूत असलेला. ते पत्र खोटं आहे म्हणालो असतो तर मला परत सातव्या मजल्यावर यावं लागलं असतं. मी म्हणालो नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण घड्याळजी गप्प होता. त्याला लिहायला माझ्याकडं काहीच नव्हतं. 'आज काठीनं संडासापर्यंत गेलो' हे काय मित्राला लिहायचं? तुझं पत्र हातात आलं आणि मला लिहायला विषय मिळाला. लाल शाईनं 'वाट खुली' लिहिताना हात एकदा थांबला होता. एकदाच.

तू बघितलं नाहीस. मी दिसत असून बघितलं नाही. यात जास्त वाईट कोण, हा हिशेब तू करत बसू नकोस, मी केलाय. घड्याळजीलाही हेच सगळं लिहिलं आहे. खांब त्यालाही खटकले असतील, पण माझी लाल शाई पाहून त्यानं विश्वास ठेवला. त्याचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही.

आता हात लागलाच आहे तर उरलेलंही सांगतो. हिवाळ्याआधी परततो म्हणालो होतो ना, ते खोटं मी जानेवारीपासून बोलतोय. खुबा नीट बसलेला नाही. डॉक्टरांनी सायकलचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. खोलीची किल्ली आता तुझीच.

तुला वाट करायची असेल तर माझ्यासाठी करू नकोस. नसेल करायची तर तसं लिही. दोन शब्द पुरतील.

मामा

९ जून

प्रिय मामा,

काल गेले होते.

पहाटे साडेपाचला निघाले, म्हणजे डांबराच्या टोकाला कोणी नसेल. कोणी नव्हते. बोलावणारेही नव्हते.

तुम्हाला सुप्यातल्या धान्याचा आवाज लिहिला होता. तसा तो अजिबात नाही. दात खाताना आतून ऐकू येतो तसा आहे, आणि मनगटांतून खांद्यापर्यंत चढतो. चौथ्या किलोमीटरला बोटे बधिर झाली. सहा किलोमीटर निर्धोक लिहिले होते, ते नाहीत. पाचव्या किलोमीटरवर ओहोळाने खडी वाहून नेली आहे आणि हातभर खोल चर पडला आहे. सायकल उचलून पलीकडे ठेवायला मला तीन प्रयत्न लागले. वाळूचा पट्टा नवव्या नव्हे, आठव्या किलोमीटरवर सुरू होतो. मूठ सैल ठेवायची हे मला माहीत होते. वाळू आली आणि मी मूठ आवळली. आपटले. गुडघा सोलला. शेजारच्या कुरणातून एका बाईंनी ओरडून विचारले, "लागलं का गं?" मी "हो" म्हणाले. इतक्या हळू की त्यांना ऐकू गेले नसावे. मग पुन्हा मोठ्याने म्हणाले. त्यांनी पाणी दिले. घड्याळजींना खडकावरून वर काढणाऱ्या त्याच, हे बोलताना कळले. माझे त्या प्रकरणाशी काय नाते आहे, ते मी त्यांना सांगितले. त्या "बरं," म्हणाल्या आणि गुरांकडे वळल्या.

बांधावर वारा सतत समोरून होता. तेथे आवाज नाही, मामा. खांबांच्या जागी सिमेंटचे बुंधे तेवढे उरले आहेत. मी मागे एकटेपणाविषयी काहीबाही लिहिले होते, पुढे धावतो वगैरे. तो पुढे धावत नाही. तो आपल्याच वेगाने जातो. आपण थांबलो की थांबतो.

लोखंडी दरवाज्यापासून पायी गेले. चारशे दहा पावलांवर वळण आहे आणि वळणानंतर बारा पावलांवर वाट संपते. खाली खडक दिसतो. तेथे मी बराच वेळ उभी राहिले. घड्याळजी बसले होते ती जागा मला वरून ओळखता आली, असे लिहिणार होते. ओळखता आली नाही. सगळे खडक सारखेच आहेत. वळणाच्या अलीकडे मी वाळलेल्या फांद्या आडव्या टाकल्या आणि माझा लाल रुमाल बांधून आले. वाऱ्याने तो किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

आज दुपारी घड्याळजींकडे गेले. प्लास्टर निघाले आहे. अंगठा हलतो, परंतु तर्जनीला टेकत नाही. चिमट्याचे काम होणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. बहीणबाईंनी मला हे हळू आवाजात सांगितले, पण ते ऐकत होते. मी अहवाल लिहून नेला होता. ते म्हणाले, "वाचा." मी वाचला. ते म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचला. संपल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्यांदा वाचताना बांधाला 'निर्जन' म्हणालात. पहिल्यांदा नव्हतं."

"कागदावर नाही तो शब्द," मी म्हणाले.

"मग तोंडातूनही काढा."

तुमच्याविषयी त्यांनी विचारले नाही. मी निघताना मात्र म्हणाले, "त्याला पाठवणार असाल तर हेच पाठवा. वाढवू नका, आणि त्याला बरं वाटावं म्हणून गोडही करू नका. त्याला बरं वाटलं की काय होतं ते बघितलं आहे मी." बहीणबाई हसल्या. ते हसले नाहीत. मी कधी पुन्हा यावे, हे कोणीच सांगितले नाही.

फळीवर नवी वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिले आहे ते येथे उतरवते. चुकीचे अंतर असेल तर ते माझे आहे. वह्या पाहिलेल्या नाहीत.

*८ जून. एकटी. डांबराच्या टोकापासून पाचव्या किलोमीटरवर चर, उतरावे लागते. आठव्यावर वाळू, सुमारे दोनशे पावले, पडले. बांधावर खडी सैल, वारा समोरून. चौदाव्यावर लोखंडी दरवाजा. फळी एका बाजूने कुजली आहे, एका वेळी एकानेच जावे. दरवाज्यापासून चारशे दहा पावलांवर वळण, त्यानंतर बारा पावलांवर कडा तुटलेला आहे. वाट बंद. पलीकडच्या बाजूला ती पुन्हा सुरू होताना दिसते आणि लांबवर दीपगृह दिसते. तिकडे मी गेलेले नाही.*

तुमची
भाची